विधवेची मुलगी, बाप अज्ञात

३ मे १९६५, सोमवार. कुरडयांचा चीक शिजत होता.

गहू तीन दिवस भिजवले होते, वाटून गाळून सत्त्व बसवलं होतं, आणि दवाखान्यातून दोन दिवसांची रजा काढून मी उजाडल्यापासून चुलीपाशी होते. चीक एकदा चढला की हात थांबवता येत नाही. थांबला की गुठळ्या होतात आणि सगळी मेहनत गुरांपुढे टाकावी लागते. मुलगी फडक्याने पातेलं धरून बसली होती. आई अंगणात बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून, सोऱ्याला तेलाचा हात लावून वाट बघत होती. मुलीचं लग्न चोवीस तारखेला होतं. मुलगा मिरजेला रेल्वेत, घर सांगलीत, माणसं बरी वाटत होती.

पोस्टमनने कार्ड दिलं आणि तो लगेच निघाला नाही. त्यावरूनच मला कळलं की त्याने ते वाचलंय.

सांगलीच्या फादरांचं कार्ड होतं. ‘वधूच्या आजीच्या विवाहनोंदीत अडचण आढळल्याने रविवार दि. २ मे रोजी लग्नाची घोषणा वाचता येणार नाही. वधूच्या आईने येऊन भेटावे.’ बंद पाकिटात घालायची गोष्ट उघड्या कार्डावर. साताऱ्याच्या पोस्टात दोघातिघांनी तरी वाचली असणार.

“काय गं?” आईने अंगणातून विचारलं.

“काही नाही. चीक होत आला.”

मी ढवळत राहिले. सगळ्या कुरडया घालून झाल्या, पातेलं खरवडून धुतलं, मग कार्ड पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात घोषणा वाचतात. कोणाची काही हरकत असेल तर त्याने पुढे यावं म्हणून. दोन मे हुकला तरी नऊ, सोळा आणि तेवीस उरत होते. नऊ तारीखही हुकली असती, तर चोवीसचं लग्न होणार नव्हतं. आणि घोषणा थांबलेलं लग्न पुढे ढकललेलं म्हणून कोणी धरत नाही. मधल्या दिवसांत लोक बोलून बोलून ते मोडतात.

आजीची नोंद मुळात का लागली, तेही सांगते. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न लावायची जुनी रीत, आणि चर्चचा नियम असा की तीन पिढ्यांच्या आतलं नातं चालत नाही. माझी आई कुंडलच्या बाजूची. मुलाचे पणजोबाही त्याच बाजूचे. दोन्ही घरं बाटलेली त्याच पाचसहा वाड्यांमधली. म्हणून सांगलीच्या फादरांनी मुलीच्या आजीच्या लग्नाची नोंद मागवली, नातं लागत नाही याची खात्री करायला. त्या काळी त्या सगळ्या मुलखाचे फादर साताऱ्याहून फिरतीवर जायचे, त्यामुळे जुनी वही आमच्याच चर्चमध्ये होती. इथल्या फादरांनी नक्कल केली, पाकिटात घालून चिकटवली, आणि पंधरा दिवसांपूर्वी मी ती स्वतः सांगलीला पोचती केली होती. एसटीत चार तास पाकीट मांडीवर ठेवून, पावसाचा थेंब नसताना वरून पदर घालून. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. नोंद लॅटिनमध्ये होती, त्यामुळे पाकीट उघडं असतं तरी कळलं नसतं.

मंगळवारी मी सांगलीला गेले. फादर म्हातारे, शिस्तीचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. त्यांच्या खोलीत मुलाचे चुलते आधीच येऊन बसले होते. हे गृहस्थ तरुणपणी फादर व्हायला गेले होते आणि दोन वर्षांनी परत आले. का परत आले ते कोणी सांगत नाही. पण दोन वर्षांचं लॅटिन त्यांनी आयुष्यभर पुरवून वापरलं.

“बसा सिस्टर,” फादर म्हणाले. दवाखान्यातल्या नोकरीमुळे मला सगळे सिस्टरच म्हणतात. “तुमच्या आईच्या नोंदीत एक गोष्ट आहे.”

चुलत्यांनी कागद फादरांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला. “फिलिया पात्रिस इग्नोती,” त्यांनी देवळात मिस्सा-प्रार्थना म्हणतात तशा सुरात वाचलं. मग माझ्याकडे बघून, “म्हणजे मुलगी, जिचा बाप अज्ञात.”

मला आधी वाटलं ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत.

“माझ्या आईचा बाप अज्ञात नव्हता,” मी म्हणाले. “कुंडलजवळ त्यांची जमीन होती. प्लेगात गेले.”

“असेल. पण नोंदीत तसं नाही.”

“मग नोंद चुकलीय.”

“चर्चची वही आहे ती बाई, वाण्याची वही नव्हे.”

फादरांनी हात वर केला. “सिस्टर, माझी अडचण साधी आहे. बाप कोण ते माहीत नसेल तर नातं तपासायचं कसं? तो कोणीही असू शकतो.”

“उदाहरणार्थ,” चुलते म्हणाले, “आमचेच आजोबा असू शकतात. ते त्याच बाजूचे.”

आणि हसले. आपल्या मेलेल्या आजोबांवर आणि माझ्या मेलेल्या आजीवर एका वाक्यात चिखल उडवून तो माणूस हसला. मी त्या वेळी काय बोलले ते नेमकं आठवत नाही. एवढं आठवतं की फादरांनी खुर्ची मागे सरकवली.

मग मी कागद मागून घेतला. त्या ओळीत आजीच्या नावापुढे एक शब्द होता, विदुए. “हे काय?”

“विधवेची,” फादर म्हणाले.

“म्हणजे माझी आजी विधवा होती हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. नवरा असल्याशिवाय विधवा कशी होते? त्याच ओळीत नवरा आहे आणि त्याच ओळीत बाप अज्ञात?”

“विधवेलाही मूल होऊ शकतं,” चुलते म्हणाले.

मी कागद टेबलावर ठेवला आणि उठले. विहीणबाई, म्हणजे मुलाची आई, दिराबरोबर येऊन दारातच उभ्या होत्या, त्या मला बाहेरपर्यंत सोडायला आल्या. “आमचं काही म्हणणं नाही हो ताई,” त्या म्हणाल्या. “पण लोकांत आता गेलंय ना.” लोकांत कोणी नेलं, हे मी विचारलं नाही. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत आणि दीर त्यांच्याच घरात जेवतो.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. आई वाळलेल्या कुरडया उलटत होती. पायातल्या चपला न काढताच मी विचारलं, “तुझ्या लग्नात तुझ्या बापाचं नाव कोणी विचारलं होतं का?”

“इचारलं की.”

“कोणाला?”

“माज्या आईला. बा न्हवता ना तवा. आदल्या सालीच गेलेला पिलेगात.”

“मग तिने काय सांगितलं?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. “काय सांगणार? मालकाचं नाव कोण घेतं व्हय?”

मी पायरीवरच बसले.

आईच्या लग्नाच्या दिवशी वाडीवर चार लग्नं एकदम लागली. फादर वर्षातून दोनदा यायचे, म्हणून लग्नं साठवून ठेवायचे. फादर परदेशी. त्यांच्याबरोबर एक मास्तर असायचा, तोही या भागातला नव्हे. तो झाडाखाली बसून एकेकाची माहिती सुट्या कागदांवर टिपून घ्यायचा, आणि फादर साताऱ्याला परतल्यावर त्या कागदांवरून वहीत लॅटिनमध्ये उतरवायचे. पुढचं आईच्याच तोंडचं:

“मास्तर म्हणला, पोरीच्या बापाचं नाव? आई म्हणली, हिचा बा. मास्तर म्हणला, व्हय, पर नाव काय? आई म्हणली, समद्या गावाला ठावं हाय, इचारा कुणाला बी. तशा बाया हसल्या. मास्तर तापला. कागुद उलटा ठिवला आन फुडच्या नवरीला हाक मारली.”

“आणि कोणाला विचारलं का त्याने?”

“मला काय ठावं? बापय समदे पंगतीच्या गडबडीत.”

“आणि तू? बापाचं नाव घ्यायला तुला कोणाची आडकाठी होती? तू तिथेच होतीस ना?”

“नवरी व्हते मी. नवरीनं मुंडी वर करायची नसती, त्वांड उघडायचं लांबच.”

“एक शब्द बोलली असतीस तर आज ही वेळ आली नसती!”

“तवा तुजी लेक सांगलीला द्यायची हाय, हे मला कुनी सांगितलं न्हवतं,” आई म्हणाली आणि कुरडया उलटायला लागली.

मी आईवर ओरडले. माणूस मेला तरी त्याचं नाव घ्यायचं नाही, पोटच्या पोरीला बेवारस लिहून घेतलं तरी चालेल, हा कसला शहाणपणा म्हणून ओरडले. शेजारचं दार उघडून बंद झालं. यांनी आतून येऊन पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. हे ट्रेझरीत कारकून. कागदांशी यांची रोजचीच गाठ. “ओरडून काय होणार?” हे म्हणाले. “नक्कल नको, मूळ वही बघ. कोणी, कधी, कशाने लिहिलंय ते बघ.”

बुधवारी सकाळी मी कामावर होते. बाहेरच्या रोग्यांचे केसपेपर करायचे होते. खेड्यातून आलेली बाई, कडेवर मूल. “नवऱ्याचं नाव?” बाई सासूकडे बघते. सासू म्हणते, मालकाचं नाव ती कशी घेईल, आवं बाई, म्या सांगते की. ज्यांच्याबरोबर सासू नसते, त्या पदर तोंडात धरून उभ्या राहतात. मी त्यांना रोज झापते. “तू नाव घेतलंस म्हणून तो मरत नाही, आणि नाही घेतलंस म्हणून तुझा खोकला बरा होत नाही.” गर्दी असली की ती चौकट रिकामी सोडून पुढचीला घेते. संध्याकाळी कारकून रिकाम्या चौकटींमध्ये आडवी रेघ मारतो. रिकामं सोडायचं नाही असा नियम आहे.

त्या दिवशी मी चार वेळा चौकट रिकामी सोडली, आणि चौथ्यांदा सोडताना माझा हात थांबला.

दुपारी सुटल्यावर तशीच चर्चमध्ये गेले. आमचे इथले फादर तरुण, नुकतेच आलेले. त्याच वर्षी मिस्सा मराठीत सुरू झाली होती, त्यामुळे त्यांनाही लॅटिनची फार घाई नव्हती. “सिस्टर, माझंही लॅटिन वहीपुरतंच आहे,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. वही कपाटातून काढली. कातड्याची पाठ, कडा वाळवीने खाल्लेल्या.

मला येणारं लॅटिन म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं. दिवसातून दोनदा, तीनदा, जेवणाआधी. पण लग्नाची नोंद केसपेपरसारखीच निघाली. प्रत्येक ओळीत तेच तेच, फक्त नावं बदलतात. अमुकचा मुलगा, तमुकची मुलगी, कुठला, साक्षीदार कोण, अडथळा काही नाही. बाप मेलेला असेल तर त्याच्या नावापुढे देफुंक्ती, म्हणजे मयत. अर्ध्या तासात मी फादरांच्या आधी शब्द ओळखायला लागले. राग आला तो तेव्हाच. एवढं सोपं होतं तर पन्नास वर्षं आमच्यापासून दडवून ठेवण्यासारखं यात होतं काय? आमची लग्नं, आमचे बाप, आमच्या विधवा, आणि भाषा अशी की आमच्यातल्या एकालाही ती वाचून “अहो, हे चुकलंय” म्हणता येऊ नये.

आईच्या लग्नाच्या पानावर चार नोंदी होत्या. तिघींना बाप होता. आईचा इग्नोती.

“शाई बघा,” मी फादरांना म्हणाले. बाकीची ओळ बारीक टाकाने, तपकिरी पडलेली. ‘पात्रिस इग्नोती’ हे दोनच शब्द जाड टाकाने, काळ्या शाईत, जागा कमी पडल्यासारखे दाटून बसवलेले. आधी जागा कोरी सोडली होती. नंतर कधीतरी कोणीतरी वही पुरी करायला बसलं, आणि ज्या ज्या जागा कोऱ्या दिसल्या तिथे हेच भरत गेलं.

“मागेपुढे बघू या,” फादर म्हणाले. त्या परदेशी फादरांच्या काळातली सगळी पानं आम्ही चाळली. जाड टाकातले इग्नोती सात निघाले. सातही मुली. सातही जणींच्या आईच्या नावापुढे विदुए. ज्यांचा बाप जिवंत होता किंवा कोणी काका-मामा शेजारी उभा होता, त्यांच्या बापाचं नाव नीट लिहिलेलं होतं. ज्यांच्यासाठी बोलायला फक्त विधवा आई होती, त्यांना बाप नव्हता.

फादर पहिल्या इग्नोतीच्या पानावर परत गेले. मग म्हणाले, “आम्ही नाव का विचारतो हे त्यांना कोणी सांगितलं नसेल.”

“आणि त्या नाव का घेत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. शेजारी चारशे माणसं जेवत होती, फादर. एकालाही विचारावंसं वाटलं नाही मास्तरला.”

उरलेल्या सहा जणींची गावं, पुढे कधी त्यांच्या घरी कळवता येईल म्हणून, मी दवाखान्याच्या एका चिठ्ठीमागे उतरवून घेतली. फादरांनी उपाय सांगितला. आईने स्वतः येऊन शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलच्या पुस्तकावर, हात ठेवून शपथेवर सांगायचं. बापाचं नाव, आईचं नाव, आणि नोंद हिचीच हे ठरायला नवऱ्याचं नाव. साक्षीदार म्हणून मी. मग समासात दुरुस्ती लिहिता येईल आणि नवी नक्कल देता येईल. सोपं काम वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी आईला घेऊन गेले. आईने नवं लुगडं नेसलं होतं. फादरांनी विचारलं, वडिलांचं नाव? आईने असं ठणकावून सांगितलं की बाहेर झाडणारा माणूस डोकावला. आईचं नाव? तेही सांगितलं.

“पतीचं नाव?”

आईने पदर नीट केला.

“आजी, तुमच्या मालकांचं नाव?”

आईने माझ्याकडे बोट केलं. “हिचा बा.”

तेच दोन शब्द. तिच्या आईने ज्या दोन शब्दांत तिला बेवारस करून ठेवलं, तेच दोन शब्द, त्याच सहज आवाजात. माझे वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. फादरांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते त्यांनी उचललं. मला ती कोरी जागा दिसली.

“फादर, पेन ठेवू नका!” मी जवळजवळ किंचाळले. “आई, तुला कळतंय का काय चाललंय? नातीचं लग्न मोडतंय तिकडे. एक नाव. एवढंसं. मेलेल्या माणसाला आता काय होणार आहे?”

“तू वरडू नगंस. देवाच्या घरात हाय आपण.”

“देवाला माहीत आहे नाव. फादरांना पाहिजे!”

“मग तू सांग की. तुजा बा हाय.”

मी सांगितलं. फादर म्हणाले, ठीक आहे, पण शपथ त्यांची आहे, त्यांनीच बोललं पाहिजे. तोवर साक्षीदाराची माहिती लिहून घेऊ, आजींना जरा वेळ मिळेल. “तुमचं नाव, सिस्टर?” सांगितलं. “वय?” चव्वेचाळीस. “पतीचं नाव?”

मी म्हणाले, “इकडे द्या, मी लिहिते.”

“लिहायचं मी, सांगायचं तुम्ही. शपथ तोंडी असते.”

“ट्रेझरीत आहेत. तुम्ही ओळखता.”

“ओळखतो. नाव सांगा.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. नाव जिभेवर होतं, चार अक्षरांचं, बावीस वर्षं रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. ते बाहेर येईना. मला या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही हे मी रोज सकाळी रांगेतल्या बायकांना सांगते, मोठ्याने, त्यांच्या सासवांसमोर. आणि मी तिथे पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते.

बाजूला आई फिसकन हसली. “बोल की आता. लय वरडत व्हतीस.”

फादर हसले नाहीत, ते बरं केलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. “उद्या आठला मी पाटणकडे निघतो. दहा दिवस तिकडे आहे. सकाळी सातला मिस्सा संपते, तेव्हा या. नाहीतर मग एकदम सोळा तारखेनंतर.”

सोळानंतर म्हणजे संपलंच.

आम्ही घरी आलो. जेवताना मी घडलं ते सांगितलं, कारण सांगितलं नसतं तर आईने सांगितलं असतं. मुलगी म्हणाली, “माझ्या शाळेच्या फॉर्मवर बाबांचं नाव कायम मलाच लिहायला लावायचीस. मला वाटायचं, माझं अक्षर चांगलं म्हणून.” हे ताटावरून मान वर करून म्हणाले, “मग म्हण की एकदा. मी इथेच आहे. ओ देतो.”

मी ताट उचलून उठले. कोणावर चिडायचं तेच कळेना. ज्या मास्तरला दोन पावलं चालून विचारता आलं नाही त्याच्यावर होतेच. कोऱ्या जागेत शिवी भरून वही पुरी करणाऱ्यावर होते. सांगलीच्या त्या चुलत्यावर तर आजही आहे. पण त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त चिडले ती आमच्यावर, आम्हा बायकांवर. आम्हीच मान खाली घालून जागा कोरी सोडतो, आणि ती कोरी राहील अशा भरवशावर घरी जातो. कोरी जागा कोणी कोरी ठेवत नाही. कोणीतरी तिच्यात आपल्या मनाचं भरतंच. केसपेपर भरून भरून हे मला आधीच कळायला हवं होतं.

कुरडया कडक वाळल्या होत्या. त्या डब्यात भरताना मी नाव एकदा पुटपुटून पाहिलं. डब्यात तोंड घालून. मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं, “काही म्हणालीस?” मी म्हणाले, डबा पुरत नाही, दुसरा आण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आईला उठवून तयार केलं. ती म्हणाली, मी येत नाही. मी म्हणाले, मग मी तुझ्या नातीला सांगते की तुझं लग्न तुझ्या आजीने मोडलं. ती आली.

मिस्सा संपून माणसं बाहेर पडत होती. फादरांची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. मी थेट टेबलापाशी गेले, शुभवर्तमानावर हात ठेवला आणि यांचं नाव घेतलं. आडनावासकट, खणखणीत. इथे ते लिहीत नाही, कारण मुलीने अट घातलीय की तिच्या माहेरचं-सासरचं एकही नाव कुठे यायला नको. लाजून लिहीत नाही असं कोणी समजू नये. मी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा फादर पेनाचं टोपण काढत होते.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी भर रस्त्यात कोणाच्या तरी मुस्काटात मारल्यासारखी बघत होती.

“आता तू,” मी म्हणाले.

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. पुस्तकावर हात ठेवला. आणि दुकानात मीठ मागावं तशा आवाजात, कोणाकडेच न बघता, माझ्या वडिलांचं नाव घेतलं. त्यांच्याबरोबर तिने चव्वेचाळीस वर्षं संसार केला आणि त्यांच्या मयतीच्या दिवशीही मी ते तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लगेच वळून मला म्हणाली, “झालं तुज्या मनासारखं? चल आता.” पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

फादरांनी समासात लिहिलं. मी एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला, त्यांनी सांगितला. फिलिया, मग माझ्या आजोबांचं नाव, मग देफुंक्ती. आईचा अंगठा घेतला. नक्कल केली, शिक्का मारला. फादर पाकिटाला डिंक लावायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

“उघडंच राहू द्या.”

आईसाठी रिक्षा मिळाली नाही, टांगा करून दिला. दवाखान्यात रजेची चिठ्ठी पाठवली. पावणेनऊची सांगली एसटी मिळाली. बसायला जागा नव्हती. कराडपर्यंत मी उभीच होते, एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात उघडं पाकीट.